मुठीत मावंल ते न्हाई

माझं टेबल आणि थोरल्या जावेचा पलंग यांच्यामध्ये नऊ इंचाची भिंत आहे, बस्स. त्या, म्हणजे आमच्या बाई, तिकडे खोकल्या तर इकडे माझ्या हातातला चहा थांबतो. पण त्यांच्याकडे जायचं तर आपल्या फाटकातून निघायचं, पिठाच्या गिरणीला वळसा घालायचा आणि मागच्या गल्लीतून त्यांच्या फाटकात शिरायचं. भिंत बांधली तेव्हा बाई गवंड्यासमोर उभ्या होत्या. दार ठेवायचं नाही, असं त्यांनी सांगितलं. गवंडी म्हणाला, सख्ख्या जावा हायेत, एखादी खिडकी तरी ठेवा. बाई म्हणाल्या, खिडकी न्हाई.

त्या भिंतीचं कारण मी.

मी तेव्हा तिशीची, अंबडच्या शाळेत नुकतीच लागलेली मास्तरीण. काखेत पर्स, डोळ्यांवर गॉगल, आणि पाऊस असो नसो, हातात छत्री. आमच्या वस्तीतली पहिली बी.एड. झालेली सून. हे मी कुणाला विसरू देत नव्हते. दूधवाल्यालासुद्धा नाही. आज ती मास्तरीण समोर आली तर मी तिची छत्री काढून तिच्याच पाठीत घालीन.

बाईंना अक्षर येत नव्हतं, गाणं येत होतं. नामकरण असो, लग्न असो, विहारातली पौर्णिमा असो, बाया म्हणायच्या, आधी तुम्ही उचला. भाकरी थापता थापता बाई ओळी जुळवायच्या आणि शेवटच्या ओळीत आपलं नाव घालायच्या. आमच्याकडच्या बायांची ती रीतच. कागदावर सही येत नाही ना, मग ओळीत करायची. पुढं कुणीही गायलं तरी गाणं कुणाचं ते कळतं.

मी म्हटलं, बाई, तुम्ही सांगा, मी वहीत उतरून घेते, हरवायला नको. बाई इतक्या हरखल्या की महिनाभर त्यांनी मला भांड्यांना हात लावू दिला नाही.

त्याच सुमाराला शिक्षकांच्या एका संमेलनाची स्मरणिका निघणार होती. मी वही पर्समध्ये घातली आणि जालन्याला गेले. बाईंना सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही आहे, हेच माझ्या डोक्यात आलं नाही. बाईंचं घागरीचं गाणं निवडलं. ते असं सुरू व्हायचं:

घागर माझी, डोई माझी, पाय चालती ताठ गं,
वरून पाणी घालणाऱ्यानं सोडली माझी वाट गं.

शेवटची ओळ मी काढून टाकली. ओळीत नाव घालणं मला गावंढळ वाटलं. मग गाणं बिननावाचं झालं, आणि बिननावाचं छापत नाहीत, म्हणून खाली माझं नाव घातलं. पुढं कवयित्री, मागं बी.ए., बी.एड. वही छापखान्यात दिली ती दिलीच. परत मागायचीसुद्धा आठवण राहिली नाही.

एवढ्यावर थांबले असते तर कदाचित झाकून गेलं असतं. पण माझा सत्कार होता. जुन्या जालन्यात, कापडबाजाराच्या मागच्या एका सभागृहात, शाल आणि गुलाबाचं फूल. आणि मी बाईंनाच एसटीत घालून घेऊन गेले, आपल्या जावेचं कौतुक बघायला. पहिल्या रांगेत बसवलं. मंचावर उभी राहून मी ते गाणं म्हटलं. बाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. शेवटची ओळ यायची वेळ आली आणि मी नमस्कार करून खाली उतरले. टाळ्या पडल्या. बाईंचे ओठ तेवढ्यापुरते एकट्यानं हलले आणि मिटले.

परतीच्या एसटीत मी दोघींचं तिकीट काढायला पर्स उघडली. बाईंनी कंडक्टरला हात केला आणि आपलं तिकीट आपण काढलं. पुढच्या महिन्यात विटा आल्या.

त्यानंतर चाळीस वर्षं. आम्हा दोघींचे नवरे गेले, सासूबाई गेल्या, पोरं आपापल्या पोटामागं गेली. आम्ही बोललो नाही असं नाही. पण बोलणं परभणीवरून व्हायचं. आमची नणंद परभणीला. पाण्याची मोटर बिघडली, अमक्याच्या मुलाचं लग्न ठरलं, हे बाई नणंदेला कळवायच्या आणि नणंद मला. आधी पोस्टकार्डानं, मग फोनवर. भिंतीपलीकडे बाई नणंदेशी बोलताना मला शब्द न् शब्द ऐकू यायचा. तरी मी अर्धा तास थांबायचे, नणंदेचा फोन यायचा, आणि मी म्हणायचे, "अगं बाई, असं का?"

बाईंची नात पुण्याला कंपनीत होती. लॉकडाऊनमध्ये ती घरी आली ती इथंच राहून काम करू लागली. तिनं घरात इंटरनेट घेतलं आणि कुणाला न विचारता त्याचा पासवर्ड मला लिहून दिला. मला ती ल्हानी आजी म्हणते. निवृत्तीनंतर मी घेतलेला मोठा संगणक तोवर झाकणाखालीच होता. तो माझ्याकडून तिनंच चालू करून घेतला.

काम चालू नसलं की ती बाईंना गायला लावायची. तुरीच्या शेंगा सोलताना, मेथी निवडताना लॅपटॉप शेजारी ठेवायची आणि आवाज भरून घ्यायची. मी इकडून ऐकायचे. भिंतीला कान लावून ऐकायचे, हे आता सांगून टाकायला हरकत नाही.

गेल्या उन्हाळ्यात बाईंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणं परत आलं ते एका दमात चार-पाच शब्दांपुरतं. गाणं आलं नाही. आता जे काही होतं ते त्या लॅपटॉपमध्ये. पुण्यात वाढलेल्या नातीला त्यातले निम्मे शब्द कळत नव्हते, आणि कंपनीनं सगळ्यांना दिवाळीनंतर पुण्याला परत बोलावलं होतं. बाईंच्या हयातीत, त्यांच्यासमोर, ती गाणी नीट लिहून व्हावीत असं तिच्या मनात होतं. एकेक ओळ त्यांना वाचून दाखवायची, बरोबर का चूक ते त्यांनी सांगायचं. ते शब्द जाणणारी आणि लिहिता येणारी अंबडात एकच म्हातारी शिल्लक होती. ती नेमकी चोर होती.

मी नातीला म्हटलं, आधी आजीला विचार.

बाईंनी दोन दिवस उत्तर दिलं नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "घराभायेर न्हाई."

नात म्हणाली, मग पेनड्राइव्हवर घालून ल्हान्या आजीला नेऊन देते. बाईंनी मान हलवली. मोबाइलवर? तरी मान हलवली. मग डाव्या हाताची मूठ वळून दाखवली.

"मुठीत मावंल ते न्हाई."

नातीला हे कोडं वाटलं. मला वाटलं नाही. वही पर्समध्ये मावली होती.

मग नातीनं तोड काढली. भिंतीच्या दोन्ही बाजूंच्या संगणकांत एकाच नावाचा एकेक फोल्डर ठेवायचा. ती तिकडे गाणं कापून त्यात ठेवील, ते आपोआप माझ्याकडे दिसेल. मी ऐकून शब्द लिहीन, तो कागद आपोआप तिच्याकडे दिसेल, ती बाईंना वाचून दाखवील. माझा संगणक एवढा जड की तो पर्समध्ये घालून जालन्याला नेणं मलाही जमलं नसतं. बाईंना तिनं सांगितलं, गाणी या भिंतीतून पलीकडे जातील, बाकी कुठंच नाही. मी गिरणीला वळसा घालून गेले आणि पलंगापाशी उभी राहून तोच शब्द दिला. बाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "बघू." त्यांच्या 'घरा'त माझी बाजू धरलेली होती की नाही, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर नाही म्हणाल्या असत्या.

पहिले काही दिवस एक गंमत व्हायची. सकाळी दहापर्यंत गाणी यायची, मग दिवसभर काहीच नाही, संध्याकाळी सातनंतर पुन्हा. नात म्हणाली, कामाच्या वेळी व्हीपीएन चालू असतं ना. म्हणजे काय, तर तिच्या लॅपटॉपातून कंपनीच्या कचेरीपर्यंत एक बोगदा. लॅपटॉपमधून निघेल ते आधी त्या बोगद्यात शिरायचं. मग माझा संगणक भिंतीला टेकून बसलेला असला तरी लॅपटॉपला दिसत नाही. मी म्हटलं, कळलं. चाळीस वर्षं परभणीवरून मीच चालवलंय ते.

जायचा दिवस जवळ येत होता, आणि सकाळ-संध्याकाळच्या तेवढ्या वेळात काम उरकेना. मग एका दुपारी, व्हीपीएन चालू असताना, एक गाणं आलं. हळूहळू, मुंगीच्या पावलानं, पण आलं. दुसऱ्या दिवशी तीन, तिसऱ्या दिवशी पाच. मला वाटलं, यंत्राला आमची दया आली.

निवृत्त मास्तरणीला एक खोड असते. तपासायची वही समोर नसली तर ती कशावरही तांबडी शाई फिरवते. मी त्या प्रोग्रामच्या पाटीवर जे जे लिहिलं होतं ते वाचत बसले. जोडणीच्या समोर एक शब्द होता, रिले. नातीला बोलावून विचारलं. तिनं वाचून अर्थ सांगितला.

लॅपटॉपला माझा संगणक शेजारी सापडला नाही, तेव्हा शोधता शोधता त्यानं शेवटी बाहेरून वाट काढली होती. बोगद्यातून कंपनीत, तिथून कुठल्या तरी परक्या मुलखातल्या तिसऱ्याच यंत्राकडे, आणि त्या यंत्राकडून माझ्याकडे. नऊ गाणी अशी आली होती.

नात म्हणाली, "ल्हान्या आजी, कुलूपबंद जातं ते. मधल्याला उघडता येत न्हाई, ऐकता येत न्हाई. बिलकुल सेफ असतं."

"कुणी ऐकणार नाही असा शब्द नव्हता दिला मी. घराबाहेर जाणार नाही असा दिला होता."

"मंग आजीला सांगू नका ना. तिला काय कळणार?"

पोरीनं मायेनं म्हटलं. आजारी माणसाला कशाला त्रास, एवढंच तिच्या मनात. पण माझ्या कानात दुसरीच कुणी बोलली. छत्रीवाली. तिला काय कळणार, यावरच तर मी माझी सगळी कवयित्रीपणाची माडी बांधली होती. आणि खरं सांगायचं तर मोह झाला. सांगितलं तर बाई काम बंद पाडतील, उरलेली गाणी लिहायची राहतील, नात जाईल. न सांगून कुणाचंच काही जात नव्हतं. तेव्हाही असंच वाटलं होतं मला.

मी चपला घातल्या. गिरणीपर्यंत गेले, तिथून परत आले. पाणी प्यायले. पुन्हा गेले.

बाई उशीला टेकून बसल्या होत्या. मी उभ्यानंच सांगितलं. नऊ गाणी बाहेर गेली. कोणी ऐकली नाहीत, पण गेली. आधी माझ्या लक्षात आलं नाही, पण शब्द माझा होता.

बाईंनी पुष्कळ वेळ घेतला. त्यांच्या तोंडातून शब्द निघायला वेळ लागतो, तो कुठला आणि हा कुठला, हे कळायला मार्ग नव्हता.

"कुठवर?" त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, माहीत नाही. समुद्रापलीकडे असावं.

"म्या जालन्याच्या म्होरं गेले न्हाई." मग थोड्या वेळानं, "तू नेल्तं तवा."

आणि मग, "बंद."

झालं, संपलं, असं मला वाटलं. पण नात हट्टाची निघाली. आजीला म्हणाली, बाहेरचा रस्ताच बुजवते, मंग तर चालेल? बाई हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. आमच्या घरात तो होकार.

दोन दिवस आम्ही दोघी त्याच्या मागं लागलो. तिनं कंपनीच्या माणसाला विचारलं की व्हीपीएन चालू असताना घरातलं यंत्र दिसू देता येतं का. तो म्हणाला, घरातल्या प्रिंटरसाठी तशी मुभा असते, ती एक खूण करून चालू करता येते, आपल्या फोल्डरसाठी वापरलीत तरी हरकत नाही. म्हणजे सत्तरीत मी प्रिंटर झाले. मग तिनं माझ्या संगणकाला घरातला एक आकडी पत्ता कायमचा नेमून दिला, रोज बदलायला नको म्हणून, आणि आपल्या लॅपटॉपला सांगितलं की या फोल्डरचं काही असेल तर या पत्त्यावरच जायचं. बाहेरून शोधणं बंद. रिले बंद. पत्ता सापडला नाही तर गप्प बसायचं, तिसऱ्याला विचारायचं नाही. हे ती वाचत होती आणि मी मान डोलवत होते. असं काही कुणी माझ्या नणंदेच्या बाबतीत करून दिलं असतं, तर बरं झालं असतं.

बाईंनी खात्री मागितली. संध्याकाळी, नातीचं काम संपल्यावर, त्यांनी बोटानं इंटरनेटच्या डब्याकडे दाखवलं आणि म्हणाल्या, "भायेरची वायर काढ." नातीनं रस्त्यावरून येणारी वायर काढली. एक गाणं फोल्डरमध्ये टाकलं. मी इकडे माझ्या खोलीत बसले होते. ते आलं, पापणी लवायच्या आत आलं. मी ते मोठ्यानं लावलं, म्हणजे भिंतीतून तिकडे ऐकू जावं. बाईंचा आवाज माझ्या खोलीतून बाईंच्या खोलीत गेला.

मी लगेच वळसा घालून गेले आणि सांगून टाकलं की हा पुरावा अर्धाच आहे. वायर काढली की व्हीपीएनही बंद पडतं. खरी परीक्षा उद्या, दोन्ही चालू असताना. बाईंनी माझ्याकडे बघितलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा सरळ बघितलं असं मला वाटलं, पण मोतीबिंदू झालेली बाई सरळच बघते. दुसऱ्या दिवशी दुपारी, काम चालू असताना, पाटीवर रिले नव्हतं. घरातला आकडी पत्ता होता.

मग दहा दिवस मी नुसती लिहीत होते. बाईंचे शब्द जसेच्या तसे, एक अक्षर इकडचं तिकडे न करता, आणि शेवटच्या ओळीत त्यांचं नाव. नात संध्याकाळी वाचून दाखवायची. चुकलं तर पलंगाच्या लाकडावर डाव्या हाताची एक थाप, बरोबर असलं तर काहीच नाही. थाप मला भिंतीतून ऐकू यायची. मी ते गाणं पुन्हा ऐकायला घ्यायचे. शेवटच्या तीन दिवसांत एकही थाप पडली नाही. शाळेत कुणी मला असा शेरा दिला नव्हता.

नात पुण्याला निघायच्या आदल्या दिवशी सगळी गाणी झाली. मी यादी वरून खाली वाचली, खालून वर वाचली. घागरीचं गाणं नव्हतं.

नातीला विचारलं, राहिलं का. ती म्हणाली, आजीनं ते कधी म्हटलंच नाही, असं गाणं आहे हेच मला माहीत नाही.

मी गिरणीला वळसा घातला. बाईंपाशी जाऊन म्हटलं, "बाई, घागरीचं राहिलं."

"ते तुझं हाय," बाई म्हणाल्या.

आवाजात राग नव्हता. एखाद्याची ताटली चुकून आपल्याकडे आली असेल आणि ती परत द्यावी, तसं म्हणाल्या. मी म्हटलं, माझं कसं, तुमचंच आहे, मी चोरलं. आयुष्यात पहिल्यांदा तो शब्द तोंडातून काढला. सगळ्या शिक्षकांपुढं काढायला हवा होता, तो एका मुक्या खोलीत काढला. बाईंनी डावा हात हलवला, राहू दे अशा अर्थानं.

"छापलंय. तुझं नाव हाय."

"बाई, मला शेवटची ओळ सांगा. मी आता घालते. मला आठवत नाही."

खरंच आठवत नाही. स्मरणिकेत ती नाही, कारण मीच काढली. वही छापखान्यानं रद्दीत घातली असेल. वस्तीतल्या त्या बाया गेल्या. त्या सत्कारानंतर बाईंनी ते गाणं कधी म्हटलं नाही, म्हणून कुणी शिकलंही नाही. ती ओळ जगात एकाच ठिकाणी आहे, आणि तिथून इकडे यायला कुठलीच वायर नाही.

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. ओठ हलले असं मला वाटलं. जालन्याच्या त्या सभागृहात हलले होते तसे, एका ओळीपुरते. आवाज निघाला नाही. येत नव्हता म्हणून, की काढायचा नव्हता म्हणून, हे मी सांगू शकत नाही. मग त्यांनी डाव्या हाताची मूठ वळली आणि ती पांघरुणाखाली घेतली.

बाईंच्या उठबशीला एक मावशी ठेवून नात गेली. माझ्या संगणकावर आता तिच्या नावापुढं 'जोडलेलं नाही' असं असतं. तिनं पुण्याहून फोन केला, ल्हान्या आजी, एक खूण केली की बाहेरून जोडलं जाईल, तुम्ही काही नवीन लिहिलं तर मला दिसेल. मी म्हटलं, करायची नाही.

घागरीचं गाणं मी लिहून ठेवलं आहे. त्या फोल्डरमध्येच आहे, शेवटची ओळ कोरी. खाली कुणाचंच नाव नाही. रोज संध्याकाळी मी वळसा घालून जाते, बाईंच्या पलंगाशी बसते, ते वाचून दाखवते आणि कोऱ्या ओळीपाशी थांबते. बाई डोळे मिटून घेतात. लाकडावर थाप पडत नाही.

बरोबर असलं की थाप पडत नाही, हे मला माहीत आहे. म्हणून तर रोज जाते.